मदत हवी आहे: पानावरचा मजकूर स्वतःच्या साइटवर कसा हलवू?

सडेकरी: आमच्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) कातळशिल्पांचे फोटो आणि नोंदी समाजमाध्यमावरच्या एका पानावर टाकत होतो. परवा पान बंद केलं, कारण सांगत नाहीत. डाउनलोडची फाइल उघडली तर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं. लवकर सांगा, काय करू?

प्राची_क: पान बंद आहे तर फाइल कुठून आली? एचटीएमएल (ब्राउझरमध्ये पानासारखी दिसणारी) आहे की जेसन (प्रोग्रामने वाचायची)? मूळ फोटो आहेत का?

जुना ब्लॉगर: आधी स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता घ्या! लोकांच्या साइट ठेवणारं जिओसिटीज 2009 मध्ये बंद झालं, ऑर्कुट हे समाजमाध्यम 2014 मध्ये. दुसऱ्याच्या जागेत लिहिलेलं त्याच्या मर्जीवर टिकतं. मूळ नोंद आपल्या साइटवर ठेवायची, बाकी सगळीकडे फक्त दुवा. मी वर्षानुवर्षं हेच करतोय.

तन्मय: डोमेनचे पैसे भरायचे राहिले की तेही हातचं जातं. मॅस्टोडॉनवर या, ते समाजमाध्यम वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर चालतं. सर्व्हर पटला नाही तर फॉलोअर घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं.

जुना ब्लॉगर: फॉलोअर जातात, जुन्या पोस्ट तिथेच राहतात. यांना नोंदीच हलवायच्या आहेत ना?

मुळ्ये काका: मजकूर श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात) असेल तर युनिकोड कन्व्हर्टर वापरा. आमच्या स्मरणिकेला तेच केलं होतं.

रानवाटा: कुठेही टाका, पण नेमके अक्षांश-रेखांश देऊ नका. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, तरी सड्यावर राखण कोण करतंय?

तन्मय: जागाच लपवली तर चिरेखाण सुरू झाल्यावर आवाज कोण उठवणार?

सडेकरी: जागेचं नंतर बोलू. फाइल जेसन आहे, मागच्या महिन्यात मागवलेली. फोन बिघडला, त्यामुळे मूळ फोटो नाहीत. काका, सगळं युनिकोडमध्येच टाइप केलंय.

प्राची_क: मग मजकूर शाबूत असणार. यूटीएफ-8 (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) चा एकेक बाइट सुटं लॅटिन अक्षर म्हणून लिहिला गेलाय. फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेने जेसन वाचा, प्रत्येक मजकूर लॅटिन-1 (एका बाइटला एक अक्षर) मध्ये एन्कोड करून यूटीएफ-8 ने डीकोड करा. जेसनमधली वेळ बहुतेक पोस्ट टाकल्याची असेल, फोटो काढल्याची नव्हे. आठवतंय तोवर खऱ्या तारखा लिहून काढा. साइट उभी राहिली की वेबॅक मशीनलाही (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटला) पानं जतन करायला सांगा, म्हणजे एकाच जागेवर भिस्त राहणार नाही.

सडेकरी: पहिल्या नोंदीचं मराठी दिसलं, ताई! खूप आभार. डोमेन आजच घेतो. आता हे जेसन साइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये थेट चढवता येईल का, की एकेक नोंद हाताने टाकू?