अनुभव धागा: पास काढून शहर पाहताना

हुपरीकर
पहिल्या अंघोळीच्या आदल्या रात्री बाबांचा फोन आला. एरवी फोन आई लावते आणि बाबा मागनं बोलतात. त्या रात्री त्यांनी स्वतः लावला. "अगं, बातम्यांत दाखवाय लागलेत. पॅरिसचं ते म्युझियम, चोरी झाली म्हणं. आपण बघितलेलंच न्हवं ते?"

बघितलेलंच. लूव्रमधलं अपोलोचं दालन. १९ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी चोर शिडीच्या ट्रकवरून खिडकीपर्यंत चढले, सात-आठ मिनिटांत आठ दागिने घेऊन गेले, आणि फ्रान्सच्या सम्राज्ञी युजेनीचा मुकुट पळापळीत बाहेर पडला, मोडला. बाबांना त्या मुकुटाचंच विचारायचं होतं.

मे २०२२ ची गोष्ट. मी तेव्हा श्टुटगार्टला होते, आई-बाबा पहिल्यांदाच देशाबाहेर आलेले. बाबांनी हुपरीत चाळीस वर्षं पैंजण घडवले. पॅरिससाठी मी चार दिवसांचा म्युझियम पास काढला होता. पन्नासच्या वर ठिकाणं त्यात येतात. मी एक्सेलमध्ये तक्ता केला: चार दिवसांत १७ ठिकाणं, प्रत्येकाचं तिकीट किती, कितव्या ठिकाणी पास वसूल होतो, सगळं. आई-बाबांच्या पायांचा रकाना त्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची लूव्रची वेळ घेतलेली. मोनालिसा, पंखांची विजयदेवता, व्हीनस, आणि बाराला बाहेर. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटीमीटरची, आणि समोर डोकीच डोकी. आई म्हणाली, दिसली, चला. विजयदेवतेच्या जिन्यापासून अपोलोचं दालन जवळच, म्हणून म्हटलं पाच मिनिटं डोकावू. तिथं बाबा मुकुटाच्या काचेपुढं थांबले ते थांबलेच. हात मागं बांधून, वाकून, मग बाजूनं, मग पुन्हा समोरनं. सोन्याचे गरुड, मध्ये हिरे आणि पाचू. मला जवळ बोलावून म्हणाले, "एवढं हिरं लावल्यात, पण त्यास्नी धरणारा धातू कुठं दिसतोय का बघ. केवढा हात असंल त्या माणसाचा."

शेजारी रीजंट हिरा होता, १४० कॅरटचा. तो गोवळकोंड्याच्या खाणींतला आहे, हे मी पाटीवरचं वाचून सांगितलं. बाबा हसले, "म्हंजे गाववालाच की." मी मात्र घड्याळ बघत होते. एकची ऑरेंजरी म्युझियमची वेळ. म्हटलं, बाबा चला, पुढचं बुकिंग आहे. ते म्हणाले, "तुम्ही जावा, मी हितंच हाय." आवाजात राग नव्हता. मी तिथं चिडले, आईसमोर चिडले. ते अजून आठवतं मला.

ऑरेंजरी चुकलं. संध्याकाळी सीन नदीच्या काठावर बसून दशम्या खाल्ल्या आणि तक्ता फाडून टाकला. चार दिवसांत एकूण आठ ठिकाणं झाली.

तुम्ही असा पास काढून एखादं मोठं शहर पाहिलंय का? काय पाहिलं, काय राहिलं, बरोबर कोण होतं? दिवाळीच्या गडबडीतून सवड मिळेल तसं लिहा.

मेतकूट
आमच्या एजंटने पॅरिससाठी दोन्ही मुलांचे पास काढायला लावले. वयं ११ आणि १५. तिथे गेल्यावर दारावरची बाई म्हणाली, मुलांना लागतच नाही, १८ च्या खालच्यांना बहुतेक ठिकाणी फुकट. मुलांबरोबर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. त्या पैशात चार जणांचं दोन वेळचं जेवण झालं असतं. पाहुणे आले, उरलेलं नंतर लिहिते.

निळी_छत्री
पॅरिसची विजय कमान. २८४ पायऱ्या, गोल जिना. लिफ्ट आहे पण ज्यांना चढताच येत नाही त्यांच्यासाठी. सासूबाई ६८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मी म्हटलं, आई आपण विचारू लिफ्टचं. तर म्हणाल्या, "दर चंपाषष्ठीला जेजुरी चढते मी." आणि खरंच चढल्या, मध्ये तीनदा थांबून, प्रत्येक थांब्याला येळकोट करत. मागचे लोकही थांबले, एका मुलीने पाणी दिलं. वर गेल्यावर बारा रस्ते चांदणीसारखे चहूकडे गेलेले दिसतात. त्या प्रत्येक रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बारा फोटो आहेत माझ्याकडे, बाराही त्यांचेच.

लालडबा
पास म्हटलं की मला आपल्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' आठवतो. वडील शिक्षक, दिवाळीची सुट्टी लागली की पास काढायचे आणि आम्ही निघायचो. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, तिथून जी गाडी मिळेल ती. आठ वर्षांचा मी, मला खिडकी हवी. वडील वही ठेवायचे, गाव आणि किलोमीटर. ती वही माझ्याकडे आहे. पॅरिस नाही पाहिलं, पण हुपरीकरताई, तुमच्या बाबांसारखेच आमचे वडील वेरूळच्या कैलास लेण्यापुढे दिवसभर बसले होते आणि आमची औरंगाबादची शेवटची गाडी गेली.

हुपरीकर
@लालडबा मग रात्री कुठे राहिलात?

लालडबा
एका चहावाल्याच्या घरी. त्याच्या आईने पिठलं-भाकरी केली. पुढे चार-पाच वर्षं त्यांना दिवाळीला पत्र जायचं.

कोथिंबीरवडी
लालडबा, आमच्याकडेही हा पास निघायचा! आई स्टोव्ह बरोबर घ्यायची. धाग्याचा विषय नाही, पण वाचून एकदम डोळ्यांत पाणी आलं.

जुना_टर्नर
पिंपरीत ३४ वर्षं टूलरूममध्ये काढली. मुलगा म्हणाला, पप्पा लूव्र. मी म्हटलं, ते तुम्ही बघा, मला यंत्रं कुठे ते सांग. पासच्या यादीत 'आर्ट्स ए मेतिए' म्हणून यंत्रांचं म्युझियम निघालं. तिथे जायचं तर मेट्रोचं स्टेशनसुद्धा तांब्याच्या पत्र्याने मढवलेलं, जहाजाच्या पोटात उतरल्यासारखं वाटतं. आत जुनी लेथ, घड्याळं, पास्कलने केलेलं आकडेमोडीचं यंत्र. वटवाघळासारखे पंख असलेलं, आदेर नावाच्या माणसाने केलेलं जुनं विमान जिन्यावर टांगलेलं. एका जुन्या लेथचा स्क्रू पाहिला, आटे इतके एकसारखे. आपल्या हाताला कळतं ते काय आहे. तुमचे बाबा का थांबले ते मला बरोबर समजलं. त्यांना माझा नमस्कार सांगा. मी तिथे साडेचार तास होतो, लंच टाइम धरून.

बोरन्हाण
सँत शापेल चर्चच्या दारावरच्या तपासणीत आत्याच्या पर्समधून अडकित्ता निघाला 😄 ते न्यायालयाचं आवार, कात्री-सुरी काही चालत नाही. रखवालदार दोघे मिळून तो उघडमीट करून बघतायत. आत्या खाणाखुणांनी सुपारी कातरून दाखवतेय. तिघंही हसत होते. पण आत नेता येईना, आणि आत्या तो टाकेना, आजीचा आहे. मग मी तो घेऊन बाहेर बाकावर बसले आणि बाकीच्यांना आत पाठवलं. आत्या बाहेर आली ती बोलेचना. १५ उंच खिडक्या, सगळ्या रंगीत काचेच्या, त्यांत बायबलमधले हजारावर प्रसंग. १२४८ सालचं देऊळ. म्हणाली, आता तू जा, मी बसते अडकित्ता घेऊन. गेले. ऊन होतं, फरशीवर निळं-तांबडं सांडलेलं. आत्या आता नाही. अडकित्ता माझ्या फडताळात आहे.

मेतकूट
@बोरन्हाण ❤️

पाऊलवाट
ताई, ऑरेंजरी चुकलं म्हणालात म्हणून लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी आई-बाबांना न्याल. दोन अंडाकृती खोल्या, भिंतीभर चित्रकार मोनेची कमळाची तळी, उजेड छतातून येतो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. मधल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी मला अस्संच दिसायचं." मी मोबाईलवर वाचलं तर मोनेलाही मोतीबिंदू होता, १९२३ मध्ये ऑपरेशन झालेलं, आणि ही चित्रं त्याच्या आधी-नंतरच्या वर्षांतली. आईला सांगितलं. ती पुन्हा पहिल्या खोलीत गेली. त्या दिवशी पासवर तेवढंच एक पाहिलं. आई आजही डोळ्यांत थेंब घालताना कधीकधी म्हणते, त्या चित्रवाल्याला कोणी थेंब घालत असेल का.

तिकीटखिडकी
डिसेंबरात पॅरिसला जातोय, बायको, मी आणि तिचे आई-वडील. पास काढावा का? नीट सांगा कोणीतरी, नेटवर वाचून डोकं फिरलंय.

हुपरीकर
@तिकीटखिडकी आधी वार बघा. लूव्र आणि ऑरेंजरी मंगळवारी बंद, ओर्से म्युझियम आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. पास असला तरी लूव्र, व्हर्साय, सँत शापेल, ऑरेंजरीला वेळ आधी नोंदवावी लागते, पास काढल्या काढल्या तेच करा. आयफेल टॉवर पासात नाही, त्याचं तिकीट वेगळं. नोत्र दाम चर्चच्या आत जायला पैसेच लागत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा आगीनंतरचं काम चालू होतं, पत्र्याच्या कुंपणाबाहेरून पाहिलं. आता डिसेंबर २०२४ पासून उघडलंय, नक्की जा. पोंपिदू हे आधुनिक कलेचं म्युझियम मात्र दुरुस्तीसाठी बंद आहे. सासू-सासऱ्यांबरोबर दिवसाला दोन ठिकाणं धरा, तीन नकोच. दोनच ठरत असतील तर पासापेक्षा सुटी तिकिटं स्वस्त पडतात का ते कागदावर मांडून बघा. लूव्रचं तिकीट २०२४ मध्ये १७ चं २२ युरो झालं होतं.

निळी_छत्री
आणि पास आता तासांवर मोजतात, ४८, ९६, १४४. दुपारी तीनला पहिल्यांदा दाखवला तर शेवटच्या दिवशी तीनपर्यंत. आम्ही मुद्दाम दुपारी सुरू केला. एका ठिकाणी एकदाच आत जाता येतं, जेवायला बाहेर पडू नका. ओर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, तेव्हा जा. पूर्वीचं रेल्वे स्टेशन आहे ते, मोठ्या घड्याळाच्या काचेतून नदी दिसते.

तिकीटखिडकी
केवढं व्यवस्थित सांगितलंत. वहीत उतरवलं. सासरे मधुमेही आहेत, पाणी सारखं लागतं.

पाऊलवाट
रस्त्यांवर हिरव्या लोखंडी पाणपोया आहेत, चार बायका छत डोक्यावर घेऊन उभ्या आहेत अशा. १८७२ पासूनच्या. वॉलेस नावाच्या माणसाने शहराला दिलेल्या. पाणी चांगलं असतं, बाटली भरून घ्या. पण थंडीत काही बंद ठेवतात, सकाळी निघतानाच भरून घेतलेली बरी.

उंबरठा
लंडन. टॉवर ऑफ लंडनसाठी पास काढला होता, कोहिनूर पाहिला, गर्दीत सरकत्या पट्ट्यावरून. ब्रिटिश म्युझियमला पास लागत नाही, तिथे फुकटच. पण ज्यासाठी आम्ही गेलो होतो ते कुठल्याच पासात नाही. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घर विकत घेतलं. तिथेही पैसे लागत नाहीत. माझी आई सातवी शिकलेली. दारात चप्पल काढली. आतल्या माणसाने सांगितलं, राहू द्या, चालतं. तिने नाही घातली.

जुना_टर्नर
@उंबरठा जयभीम. आईंना नमस्कार.

चुलीवरचा_चहा
हुपरीकरताई, माझ्या लग्नातले पैंजण हुपरीचे आहेत! २००९. एकाची घुंगरं सैल झालीत. इथे नाशिकला सोनार म्हणतात नवीनच घ्या. चांदी केवढी महागलीय, कुठून नवीन घेऊ. हुपरीत कोणी जुनं दुरुस्त करून देतं का?

हुपरीकर
@चुलीवरचा_चहा बाबा देतील. डोळ्यांमुळे नवं काम सोडलंय, पण जुनं हातात घेतात. मेसेज करते.

भाऊबीजेला घरी आलेय. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. लेथवाल्या काकांचा दोनदा वाचायला लावला. अडकित्त्याच्या वेळी आई उठून आत गेली. तिकीटखिडकींच्या सासऱ्यांना सांगायला सांगितलंय की मेट्रोचे जिने फार आहेत, काठी न्या, लाजू नका.

मग बाबा मुकुटाबद्दल बोलत बसले. पडला तो कुठल्या अंगावर पडला असेल, गरुड वाकले असतील की तुटले असतील, हिरे जागेवर राहिले असतील का. मी म्हटलं, दुरुस्त करतील ते. तर म्हणाले, "करतील. पर घाई करू नका म्हणावं. आधी नुस्तं बघत बसा म्हणावं एक-दोन दिस." ते जपून ठेवलेला पास शोधत होते, लोखंडी पेटीत, वजनांच्या डब्याखाली सापडला. त्याच्या मागं पेन्सिलीनं त्या मुकुटाचं चित्र काढलंय. मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी ऑरेंजरीच्या रांगेचं विचारायला पुढं गेले होते तेव्हा काढलं म्हणे.

मेतकूट
फोटो टाका ना ताई!

चुलीवरचा_चहा
हो, फोटो! आणि मेसेज बघा, पैंजणांचे पाठवलेत. डाव्या पायातलं जास्त सैल आहे.