सीटची तपासणी: लॉकच्या पुढे
छोट्या विमानात पायलटच्या सीटचं लॉक आणि सीट ज्यावर सरकते ते रेल तपासले की पुरे, असं म्हटलं जातं. त्यात भर घालतो. जुन्या सेस्ना विमानांत रेलचं झिजलेलं भोक 0.36 इंच रुंदीपर्यंत चालतं आणि लॉकची पिन त्यात किमान 0.15 इंच आत बसावी लागते, हे मोजायलाच हवं. पण सीट जागची न सरकताही विमानाचे कंट्रोल अडवू शकते.

सीट सगळ्यात पुढे आणि सगळ्यात वर घ्या, माणूस बसवा, कारण रिकामी गादी वेगळी फुगते. मग स्टिक (विमान चालवायचा दांडा) पूर्ण मागे ओढून डावीकडे, उजवीकडे न्या. अडथळा बहुतेक याच कोपऱ्यांत सापडतो. दुसऱ्याला शेपटीजवळ उभं करून एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा हलता भाग) खरोखर स्टॉपला, म्हणजे हालचालीच्या शेवटच्या अटकावाला, टेकतो का ते पाहायला सांगा. हाताला शेवट मऊ लागला तर स्टिक गादीला टेकते आहे. नवी, जाड गादी घातल्यावर हे होऊ शकतं. मग सीट पूर्ण मागे आणि खाली नेऊन तेच पुन्हा करा.

सीटखाली टॉर्च मारा: खचलेला तळ कंट्रोलच्या केबलला किंवा टॉर्क ट्यूबला (स्टिकची हालचाल पुढे नेणाऱ्या फिरत्या नळीला) घासतो का, घासल्याची चमक दिसते का? एकट्याने उडताना रिकाम्या सीटचा पट्टा बांधून घट्ट करा. सैल टोक स्टिकभोवती अडकतं.