मुलांसोबत होडीत जाताना लाइफ जॅकेट सतत घालूनच बसावे का?

निळाई:
नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही पाच जण छोटी मोटरबोट घेऊन एका मोठ्या तलावात दिवसभर फिरणार आहोत. आमच्याबरोबर चार वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि माझे सासरे असतील. सासऱ्यांना पोहता येत नाही, मुलगा मात्र चांगला पोहतो. मुलीला जॅकेट घातले की ते गळ्याशी टोचते म्हणून ती रडते, त्यामुळे जॅकेटे हाताशी ठेवावीत आणि पाणी खवळले तरच घालावीत, असे घरात ठरत आले आहे. मला ते पटत नाही, पण इतरांना पटवून देण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

सुकाणू:
तुमची शंका अगदी रास्त आहे. माणूस शांत पाण्यातही पडतो: धक्क्यावरून होडीत पाय टाकताना, दोरी ओढताना, जागा बदलायला उभा राहिला की. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालता येईल असे ज्यांना वाटते, त्यांनी ते एकदा तलावाच्या उथळ कडेला करून पाहावे. मी पाहिले आहे. जॅकेट वर तरंगत दूर सरकते, पट्टे हाती लागत नाहीत, आणि बाहीत हात घालायला तो वर उचलला की हनुवटी पाण्याखाली जाते. चार वर्षांच्या मुलीला हे जमण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून जॅकेट धक्क्यावरच चढवावे आणि परत जमिनीवर पाय टेकल्यावरच काढावे.

मुलीच्या रडण्यामागे बहुधा माप चुकलेले आहे. वाढते अंग म्हणून एक माप मोठे घेण्याची आपली सवय कपड्यांपुरती ठीक आहे, येथे ती घातक ठरते. जॅकेटवर किती वजनासाठी ते आहे हे लिहिलेले असते, ते मुलीच्या वजनाशी ताडून पाहा. मग सर्व पट्टे आवळून जॅकेट दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचला. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकले, तर ते मोठे आहे आणि पाण्यातही तसेच वर सरकेल. लहान मुलांसाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा, डोके पाण्याबाहेर राहावे म्हणून मागे कॉलर आणि ओढून घेण्यासाठी मानेमागे मूठ असलेले जॅकेट घ्यावे. दंडावरचे हवेचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्यावर विसंबू नये.

जलतरण शिक्षक:
मुलगा पोहतो म्हणून त्याला सूट देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. पाणी १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल, तर अचानक पडलेला माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, आणि त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असले तर पाणी आत जाते. पहिले मिनिटभर श्वास ताब्यात येत नाही, आणि पाणी फार थंड असेल तर दहाएक मिनिटांत हातपाय इतके गारठतात की चांगल्या पोहणाऱ्यालाही पोहणे जमेनासे होते. अशा वेळी जॅकेटच त्याला वर धरून ठेवते.

दुसरे म्हणजे, बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी खालीवर होत असते, श्वास घेण्यातच सारी शक्ती जाते आणि हात हलवून कोणाला बोलावता येत नाही. म्हणून मोठ्यांपैकी एकाने, आळीपाळीने का होईना, केवळ मुलांकडे लक्ष ठेवावे. त्या वेळी हातात फोन नको. होडी उलटलीच, तर काठ जवळ दिसला तरी तिला धरूनच राहावे, कारण पाण्यावर अंतर फसवे दिसते आणि एकट्या डोक्यापेक्षा उलटलेली होडी शोधणाऱ्यांना लवकर दिसते.

सुकाणू:
इंजिनाविषयी थोडे राहिले. चालकाला अडकवायची एक दोरी असते. तो जागेवरून फेकला गेला तर ती सुटून इंजिन बंद पडते. ती लावल्याशिवाय निघू नका. कोणी पाण्यात पडले, तर जवळ जाताना पंखा त्याच्यापासून दूर ठेवा आणि तो हाताशी येताच इंजिन पूर्ण बंद करा. पाण्यात उडी मारू नका, दोरी बांधलेले तरंगणारे काही फेका. इंजिन चालू असताना मुलांना मागच्या फळीवर बसू देऊ नका. तेथे साचणाऱ्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. डोके दुखू लागले, मळमळले तर मुलांना ‘बोट लागली’ असेच मोठ्यांना वाटते. निघण्यापूर्वी कोठे जाणार आणि केव्हा परतणार, हे काठावरच्या एका माणसाला सांगून ठेवा.

निळाई:
आपणा दोघांचे मनापासून आभार. काल खांद्यांपाशी धरून जॅकेट उचलले, तर ते थेट मुलीच्या कानांवर आले. त्यावर २० ते ३० किलो लिहिले होते, आणि तिचे वजन १६ किलो आहे. आज योग्य मापाचे आणले, ते घालून ती दुपारभर घरात खेळली आणि एकदाही रडली नाही. सासऱ्यांनी हे सारे पाहिले आणि स्वतःच्या जॅकेटचे पट्टे आवळून देण्यासाठी मला हाक मारली.