व्यसनी रुग्णांशी सिस्टर्सचे वागणे बदलण्यासाठी वॉर्डातच काय करता येईल?

नमस्कार. मी एका सरकारी रुग्णालयातील पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर आहे. दारू अचानक बंद झाल्यामुळे त्रास होऊन दाखल झालेले रुग्ण आमच्याकडे कायम असतात आणि त्यांच्याशी होणाऱ्या वागणुकीबाबत मला मार्गदर्शन हवे आहे.

औषधे वेळेवर दिली जातात, तक्रार ती नाही. पण पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला हॅण्डओव्हर देताना मधुमेहाच्या रुग्णाची साखर सांगितली जाते आणि या रुग्णाबद्दल मात्र "बेवडा आहे, परत आलाय" एवढेच. प्रश्न केवळ अपमानाचा नाही. शेवटची दारू केव्हा घेतली हे विचारलेच नाही, तर पहिल्या दोन दिवसांतल्या झटक्यांचा आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होणाऱ्या भ्रमाचा अंदाज बांधता येत नाही. घाम, थरथर, वाढलेली नाडी हे सारे "नाटक" ठरते, आणि रात्री तोच रुग्ण सलाइन उपटून पळू लागला की हात बांधायला सगळे धावतात.

माझ्या सिस्टर्स निर्दय नाहीत. रात्रपाळीत शिव्या त्यांनाच खाव्या लागतात, आणि काहींच्या घरीच पिणारा नवरा किंवा बाप आहे. त्यांना सहानुभूतीवर व्याख्यान देणे मला उद्धटपणाचे वाटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत, हेही सांगून झाले. फरक पडला नाही. शिवाय जो सुधारतो तो परत येत नाही, त्यामुळे आम्हाला दिसतो तो पुन्हा पडलेलाच.

ब्रिटनमध्ये संशोधक कार्टराइट यांनी १९८० च्या सुमारास दाखवले होते की नुसत्या प्रशिक्षणापेक्षा, अनुभव आणि अडल्यावर विचारता येईल असा जाणता माणूस सोबत असणे, यांनी दारूच्या रुग्णांकडे पाहण्याचा उपचार करणाऱ्यांचा दृष्टिकोन अधिक बदलतो. आमचे मानसोपचारतज्ज्ञ बोलावल्यावर येतात, औषध लिहितात आणि जातात.

सीवा-एआर (CIWA-Ar) हा दारू बंद झाल्यावरच्या त्रासाची तीव्रता गुणांत मोजणारा दहा मुद्द्यांचा तक्ता कोणी गर्दीच्या वॉर्डात नियमित भरून घेतला आहे का, आणि त्याचे गुण हॅण्डओव्हरमध्ये सांगायला लावल्यावर सिस्टर्सची भाषा बदलली का? व्यसनातून बाहेर पडून टिकलेल्या जुन्या रुग्णाला त्यांच्याशी बोलायला बोलावण्याचा, किंवा पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात त्यांना काही दिवस पाठवण्याचा अनुभव असल्यास, परवानगी कोणाकडून व कशी मिळवली, तेही कृपया लिहावे.