मदत हवी आहे: कॅप फेरीतून खासगी मेडिकलला सीट लागली, कॉलेज प्रवेश देत नाही, परवा शेवटचा दिवस

आर्णीकर

राजेहो, भाचीसाठी विचारतो आहे, घाईचं आहे.

राज्य कोट्याच्या दुसऱ्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीत तिला विदर्भातल्याच एका विनाअनुदानित खासगी कॉलेजात एमबीबीएसची सीट लागली. ओबीसी आहे. नॉन-क्रिमीलेअर, जात व्हॅलिडिटी (वैधता प्रमाणपत्र) दोन्ही हाती आहेत, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ८ लाखांच्या आतला. आज कॉलेजात गेलो तर काउंटरवर सांगितलं की शिष्यवृत्तीचं नंतर पाहू, आधी वर्षाची पूर्ण फी भरा, पुढच्या वर्षांच्या फीचे पुढच्या तारखांचे चेक द्या, आणि ‘डेव्हलपमेंट’चे वेगळे, तेही रोख, पावती नाही. जमत नसेल तर म्हणे ‘कागदपत्रांत त्रुटी आहे’. कोणती त्रुटी ते लिहून द्यायला तयार नाहीत.

घर आर्णी तालुक्यात. परवा सायंकाळी ५ ला मुदत संपते. मुलगी १७ वर्षांची आहे. तक्रार नेमकी कोणाकडे करायची? नागपूर खंडपीठात एवढ्या कमी वेळात काही होतं का? गावात सगळे म्हणतात, खासगी कॉलेज आहे, कोर्ट काय करणार.

पैनगंगाकाठ

एकच विचारतो. अलॉटमेंट लेटर सीईटी सेलचं (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाचं) आहे ना? संस्थास्तरीय (कॉलेजच्या स्वतःच्या) कोट्यातली सीट असेल तर पुढचं सगळं गणित बदलतं.

आर्णीकर

सेलचंच आहे. राज्य कोटा, ओबीसी, मुली.

आवकजावक

मग ऐका. कोर्टाचं नंतर, उद्याचा दिवस कागद तयार करण्याचा.

कारण असं की रिट याचिकेत (हक्कासाठी थेट हायकोर्टात करायची याचिका) हायकोर्ट साक्षीदार तपासत बसत नाही. शपथपत्रं आणि सोबत जोडलेले कागद, एवढ्यावर काम चालतं. कॉलेज काय म्हणणार ते आत्ताच सांगतो: ‘उमेदवार हजर झालाच नाही’ किंवा ‘फी भरायला तयार नव्हता’. आज तुम्ही काउंटरवर तासभर भांडलात, त्याला कोर्टात शून्य किंमत आहे. तोंडी नकार हा नकारच नाही.

म्हणून आज रात्रीच शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून त्या कॉलेजची यंदाची मंजूर फी काढून प्रिंट घ्या. शिकवणी शुल्क आणि विकास शुल्क दोन्ही पाहा. त्यात नसलेला ‘डेव्हलपमेंट’ म्हणजे सरळ कॅपिटेशन फी (प्रवेशासाठी मंजूर फीपेक्षा जास्त उकळलेले पैसे), आणि तिला राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. पुढच्या वर्षांच्या चेकचंही तेच. एका वेळी एका सत्राची किंवा एका वर्षाचीच फी घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमी प्रकरणात सांगून ठेवलं आहे.

सकाळी कॉलेज उघडताच पोचा. डीनच्या नावे अर्ज, दोन प्रती. मजकूर छोटा ठेवा: अमुक फेरीत अमुक सीट मिळाली, अमुक तारखेला अमुक वाजता सर्व मूळ कागदपत्रांसह हजर आहे, मंजूर फी भरायला तयार आहे, डीडी (डिमांड ड्राफ्ट) क्रमांक अमुक, प्रवेश द्यावा, त्रुटी असल्यास लेखी कळवावी. रोख रकमेच्या मागणीचा उल्लेख या अर्जात नको, तो तक्रारीत करा. अर्ज आवक-जावकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या.

शिक्का देणार नाहीत असं धरूनच चाला. मग तिथल्या तिथे कॅपला नोंदवलेल्या ईमेलवरून तोच अर्ज अलॉटमेंट लेटर आणि डीडीच्या फोटोसह डीनला पाठवा. प्रत सीईटी सेलचे आयुक्त, प्रवेश नियामक प्राधिकरण आणि वैद्यकीय शिक्षण संचालनालय यांना. त्यानंतर जवळच्या पोस्टातून स्पीड पोस्ट. त्या पावतीवर तारीख-वेळ छापून येते, ती सोन्यासारखी जपा.

आणि कशावरही घाईत सही करू नका. ‘स्वेच्छेने प्रवेश नाकारत आहे’ असा कागद इतर फॉर्मांच्या गठ्ठ्यात सरकवला जातो.

पैनगंगाकाठ

डीडीबद्दल. रोख नेऊन ५०,००० किंवा त्याहून जास्तीचा डीडी निघत नाही, रक्कम खात्यातूनच वळती व्हावी लागते. कापसाचे पैसे घरात ठेवून बँकेत जाल तर दिवस वाया जाईल. गावच्या शाखेत मोठ्या रकमेला वरची सही लागू शकते, तेव्हा आज रात्रीच शाखाधिकाऱ्याला फोन करा.

रक्कम किती, हा खरा पेच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना शिकवणी आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. पण ती केंद्रीभूत प्रक्रियेतून आलेल्यांनाच. तुमची भाची त्यात बसते. विकास शुल्क मात्र त्यात येत नाही, ते भरावंच लागेल. म्हणून विकास शुल्काचा डीडी आणि शासन निर्णयाची प्रत न्या.

आवकजावक

इथे थोडा असहमत. पूर्ण मंजूर फीची जुळणी होत असेल तर तोही डीडी सोबत ठेवा आणि अगदीच अडलं तर ‘हक्क राखून’ असं लिहून भरा. जास्तीची फी उद्या परत मागता येते, भरली गेलेली सीट रिकामी करून मागणं फार अवघड.

पैनगंगाकाठ

तत्त्व बरोबर. पण आर्णीच्या शेतकऱ्याने एका रात्रीत सहा आकडी रक्कम खात्यात आणायची कुठून? शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र असेल तर ते जोडा. नसेल तर अर्धवट डीडी अधिक शासन निर्णय, हीच बाजू धरा. ‘तयार होतो’ हे त्यानेही दिसतं.

काळाकोट

‘खासगी आहे, कोर्ट काय करणार’ याचं उत्तर देतो.

हा समज २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाच्या अर्ध्या वाचनातून येतो. अकरा न्यायमूर्तींनी खासगी संस्थांना स्वायत्तता दिली हे खरं, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फीला नाही. २००३ मध्ये फी आणि प्रवेशांवर निवृत्त न्यायमूर्तींच्या समित्या आल्या, २००५ मध्ये आपल्याच राज्यातल्या इनामदार प्रकरणात सात न्यायमूर्तींनी प्रवेश पारदर्शक आणि गुणवत्तेवरच हवेत असं सांगितलं, २०१६ मध्ये मॉडर्न डेंटलमध्ये प्रवेश आणि फी या दोन्हींवर राज्याचं नियंत्रण वैध ठरलं. खासगी व्यावसायिक कॉलेजांच्या प्रवेश आणि फीबाबतचा महाराष्ट्राचा २०१५ चा कायदा याच मालिकेतला, प्रवेश नियामक आणि शुल्क नियामक ही दोन्ही प्राधिकरणं त्यातलीच. तेव्हा संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका चालते. विदर्भातले अकराही जिल्हे नागपूर खंडपीठात येतात.

प्रतिवादी: राज्य शासन (वैद्यकीय शिक्षण विभाग), सीईटी सेल, प्रवेश नियामक प्राधिकरण, कॉलेज. मुलगी अज्ञान (१८ वर्षांखालची) आहे म्हणून याचिका पालकामार्फत, वकालतनामा आणि शपथपत्रावर पालकाची सही. आई किंवा वडील सोबत असलेले बरे.

मागणी लिहिताना बहुतेक चुकतात. फक्त ‘प्रवेश द्या’ लिहू नका. अंतरिम मागणी हवी की निकालापर्यंत ही सीट पुढच्या फेरीत दाखवू नये. ती दुसऱ्याला गेली की त्याचाही हक्क तयार होतो, मग त्यालाही प्रतिवादी करावं लागतं आणि प्रकरण चिघळतं. वकिलाला तातडीचं सर्क्युलेशन (याचिका लगेच सुनावणीला लावून घेणं) घ्यायला सांगा.

उशिराबद्दल एक निकाल लक्षात ठेवा: कृष्णा श्रद्धा विरुद्ध आंध्र प्रदेश, डिसेंबर २०१९. गुणवत्तेत बसणाऱ्या उमेदवाराचा काही दोष नसेल, चूक यंत्रणेची असेल आणि तो विलंब न करता न्यायालयात आला असेल, तर अंतिम तारखेनंतर महिनाभरात प्रवेश देता येतो. तेही शक्य नसेल तर पुढच्या वर्षी सीट. पण ही अपवादाची वाट आहे. आठवडाभर पुढाऱ्यांच्या घरी चकरा मारून मग आलात तर ‘विलंब न करता’ हे तीन शब्दच तुमच्याविरुद्ध जातात.

आर्णीकर

खूप मदत झाली. वकिलाची फी परवडणारी नाही, त्याचं काय? आणि काउंटरवरचं बोलणं मोबाइलमध्ये रेकॉर्ड झालं आहे.

काळाकोट

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नागपूरला हायकोर्टाच्या इमारतीतच विधी सेवा उपसमिती आहे. यवतमाळच्या जिल्हा प्राधिकरणात जाऊन दिवस घालवू नका, थेट तिथे जा.

रेकॉर्डिंग ठेवा, फोन बदलू नका, फाइल कापू नका. आता इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. पण याचिका त्यावर उभी करू नका, ते कॅपिटेशन फीबंदीच्या कायद्याखालच्या पोलिस तक्रारीत जास्त कामाचं. याचिका शिक्क्यावर उभी राहते.

आवकजावक

मूळ कागद कॉलेजने ठेवून घेतले तर कोणकोणते दिले त्याची यादी सहीशिक्क्याने घ्या. त्याआधी सगळ्यांच्या चार झेरॉक्स काढा. एक संच वकिलाला, दोन याचिकेला, एक घरी. आणि परवा ५ वाजेपर्यंत मुलीने कॉलेजच्या आवारातून हलू नये. साडेचारला दुसरा ईमेल जाऊ द्या: ‘अजूनही हजर आहे.’