पणजोबांच्या पाइपवरचा शिक्का पुसट झालाय, बनवणारा कोण कसं शोधायचं?

गोदाकाठ:
पणजोबांच्या ट्रंकेत दोन पाइप सापडलेत (तंबाखू ओढायचे, नळाचे नाही). ते जीआयपी रेल्वेत होते आणि घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली गोष्ट अशी की 1938 ला त्यांचा इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना यातला एक देऊन गेला. तो वाकडा आहे, लाकडी, मध्ये पांढऱ्या धातूची कडी, तिच्यावर के अँड पी आणि तीन बारीक चित्रं आहेत, एक तीन पानांचं काहीतरी, एक बसकण मारलेलं जनावर आणि एक उंच मनोरा. हे चांदीचे हॉलमार्क असावेत असं वाटतंय. लाकडावर एका बाजूला "...टेम ...डर्ड" एवढंच लागतं, दुसऱ्या बाजूला 314 आणि शेवटी "लँड", म्हणजे इंग्लंडच ना? तोंडात धरायचा काळा भाग हिरवट-तपकिरी पडलाय आणि त्याचं भोक टोकाला नाही, वरच्या अंगाला आहे, हा डिफेक्ट का?
दुसरा सरळ आहे, अक्षर एकही नाही, फक्त तोंडात धरायच्या दांडीवर पांढरा ठिपका. चुलतभाऊ म्हणतो डनहिल (नामांकित इंग्रज पाइप कंपनी) आहे, लाखभर येतील. तो आत्ता पॉलिश पेपर घेऊन बसलाय म्हणून घाईत विचारतोय.

भंगारप्रेमी_पुणे:
आधी भावाच्या हातातून तो पेपर काढून घ्या!! जुन्या बाजारात असे किती पाइप बघितलेत, चकाचक केलेले आणि त्या नादात शिक्का साफ गेलेला, मग तो कोणाचा होता ते कोणीच सांगू शकत नाही. काळा भाग व्हल्कनाइटचा आहे, म्हणजे गंधक घातलेलं रबर, उन्हाने आणि हवेने ते असं हिरवं पडतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट ॲक्रिलिक नाही हे कळलं. लाकडाला हातसुद्धा लावू नका. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा आणि पाइप हळूहळू फिरवत फोटो काढा. तरीही नाही लागलं तर खडूची पूड बोटाने चोळून वरवर पुसा, अक्षरांच्या खाचेत पांढरं राहतं.

मिलिंद_डब्लिन:
फोटो यायच्या आधीच सांगतो, हा इंग्लंडचा नाही, आमच्या डब्लिनचा आहे, पीटरसन कंपनीचा. के अँड पी म्हणजे कॅप अँड पीटरसन. कॅप बंधू जर्मनीहून आलेले, त्यांचं ग्राफ्टन स्ट्रीटवर दुकान होतं, तिथे चार्ल्स पीटरसन येऊन मिळाला. तुमचं "...टेम ...डर्ड" म्हणजे सिस्टम स्टँडर्ड. 1890 च्या पेटंटचा प्रकार आहे हा, लाकडाच्या आत एक खड्डा असतो, ओढताना जे पाणी सुटतं ते तिथे साठतं, तोंडात येत नाही. काळा भाग उपसून बघा, खड्डा दिसेल. आणि वरच्या बाजूचं भोक हा डिफेक्ट नाही हो, तीच तर ओळख आहे, पी-लिप म्हणतात, 1898 चं पेटंट, धूर जिभेवर न जाता वर टाळूकडे जावा म्हणून केलेलं. 314 हा आकाराचा नंबर, सालाशी संबंध नाही.
आता वाईट बातमी. ती तीन चित्रं हॉलमार्क नाहीत. शॅमरॉकचं पान, कोल्हा (कोणी वुल्फहाउंड कुत्रा म्हणतं) आणि गोल मनोरा, ही नुसती आयर्लंडची चिन्हं, निकेलच्या कडीवर शोभेला मारायचे. डब्लिनच्या खऱ्या चांदीवर बसलेली बाई म्हणजे हिबर्निया, मुकुटवाली हार्प (तारांचं वाद्य) आणि सालाचं अक्षर असतं. ते अक्षर असतं तर साल तिथल्या तिथे लागलं असतं. आता "लँड" च्या आधी काय आहे त्यावर सगळं. आयरिश फ्री स्टेट (देशाचं 1922 ते 37 चं नाव) किंवा आयरे (त्याच्या लगेच नंतरचं) असतं तर शेवटी "लँड" आलंच नसतं, रिपब्लिक ऑफ आयर्लंड असेल तर 1949 किंवा पुढचा.

गोदाकाठ:
टॉर्चची युक्ती चालली. तीन ओळी आहेत, मधल्या ओळीत "...पब्लिक" स्पष्ट वाचता येतंय. खड्डापण आहे, आत काळं डांबरासारखं काहीतरी भरलंय. म्हणजे 1938 आणि साहेब दोन्ही गेले? आत्याला कसं सांगू, तिने लग्नाकार्यात ही गोष्ट शंभरदा सांगितली आहे.

मिलिंद_डब्लिन:
या पाइपपुरते तरी गेले. 1949 च्या एप्रिलमध्ये रिपब्लिक झालं, त्याआधी तो शिक्का येणारच नाही. नंतरचं नेमकं साल मात्र नुसत्या शिक्क्यावरून सांगणं अवघड, हा आकार आजही बनतो. साहेबाने दिलेला कदाचित दुसरा असेल, सरळवाला.

भंगारप्रेमी_पुणे:
सरळवाल्याबद्दल भावाला सांगा की नुसत्या ठिपक्यावर लाख येत नाहीत. डनहिलने तो पांढरा ठिपका का लावला तर दांडीची वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून, मग बाकीच्यांनीही ठिपके काढले, सॅसिएनी कंपनीचे तर चार असतात, आणि तो सॅसिएनी स्वतः डनहिलकडूनच बाहेर पडलेला. शिवाय दांडी बदलता येते, ठिपका दांडीचा, लाकूड भलत्याचंच, असं सर्रास असतं. डनहिल असेल तर लाकडावर नाव, मेड इन इंग्लंड आणि त्याच्या शेवटच्या डीनंतर एक छोटा आकडा असतो, त्यावरून साल काढतात. काहीच नसेल तर बिननावाचा धरून चाला. ठिपका भिंगातून बघा, आत बसवलेला आहे की वरून रंगवलेला.

गोदाकाठ:
रंगवलेला. नखाने खरवडला तर निघाला.

भंगारप्रेमी_पुणे:
मग याच्यावर पॉलिश पेपर मारू द्या भावाला, खुशाल. पीटरसनचा खड्डा तेवढा पाइप क्लीनर आणि थोड्या स्पिरिटने साफ करा, पण स्पिरिट बाहेरच्या लाकडाला लागू देऊ नका, रंग उतरतो.