‘विड्थ १५० वर ठेवा आणि निश्चिंत व्हा’ या सल्ल्याला माझे उत्तर

कर्वे रस्त्यावरचा ध्वनिमुद्रक

‘गीतकट्टा’ यांनी गेल्या आठवड्यात नवोदितांसाठी मिक्सिंगविषयी, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र बसवण्याविषयी, जो सल्ला लिहिला, तो वाचून मी गप्पच बसणार होतो. परंतु माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने तोच सल्ला प्रमाण मानून अभंगाचा मिक्स करून आणला, तेव्हा लिहिणे भाग पडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पॅन म्हणजे आवाज डावीउजवीकडे सरकवणे, त्यात समजून घेण्यासारखे काही नाही, विड्थ, म्हणजे आवाजाचा डावा-उजवा पसारा, सरसकट १५० टक्क्यांवर ठेवली की मिक्स भव्य होतो, आणि शून्यावर तिरपी रेघ मारलेले बटण ‘फेज’चे असून घरी काम करणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.

त्या मुलाने पेटी दोन माइकवर घेतली होती, डावा माइक खर्जाच्या बाजूला आणि उजवा तार सप्तकाच्या बाजूला. ती डावीकडे बसवायची म्हणून त्याने पॅनची कळ पूर्ण डावीकडे फिरवली आणि तार सप्तक दबून गेले. याचे कारण असे की स्टिरिओ ट्रॅकवर, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन चॅनेल असलेल्या ट्रॅकवर, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती कळ पॅनची नसून बॅलन्सची असते. ती आवाज सरकवत नाही, फक्त विरुद्ध बाजूचा चॅनेल बारीक करत जाते. लॉजिकमध्ये त्याच कळीचा प्रकार बदलून ‘स्टिरिओ पॅन’ करता येतो, रीपरमध्येही करता येतो, आणि प्रो टूल्समध्ये तर स्टिरिओ ट्रॅकला मुळातच दोन कळी दिलेल्या असतात. हे ज्याला सांगितलेले नाही, तो आपल्याच माइकना दोष देत बसतो.

पखवाजाचे त्याहून वाईट झाले होते. एक माइक शाईच्या पुडीसमोर, दुसरा कणकेच्या पुडीसमोर, आणि दोन्ही ट्रॅक मध्यावर. एकेकटा ट्रॅक ऐकला तर भरदार, दोन्ही एकत्र लावले तर पत्र्याचा डबा. एका पुडीवर थाप पडते तेव्हा ती आत दबते आणि आतल्या हवेच्या रेट्याने दुसरी पुडी बाहेर फुगते. म्हणजे एका माइककडून हवा दूर जात असते तेव्हाच दुसऱ्याकडे ती ढकलली जात असते, आणि खालच्या सुरांत दोन्ही तरंग एकमेकांना खाऊन टाकतात. ज्या बटणाला हात लावू नका असे सांगितले गेले, ते कणकेच्या ट्रॅकवर एकदा दाबले आणि घुमारा परत आला. दुसरे काहीही करावे लागले नाही.

विड्थ १५० वर ठेवल्याने मोनोमध्ये, म्हणजे डावे-उजवे एकत्र मिळवून ऐकताना, मिक्स मोडतो, हे तर सर्वांना ठाऊकच आहे. मी त्या मिक्समध्ये तबला डावीकडे आणि टाळ उजवीकडे घेऊन विड्थ १०० वर आणली, तेव्हा कुठे शब्द मध्यावर स्थिर झाले.

गीतकट्टा

आपण माझ्या सल्ल्यातली तीन वाक्ये निवडून मला अडाणी ठरवले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

‘विड्थने मोनो मोडतो’ हे वाक्य आपण ज्या खात्रीने लिहिले, ती खात्री कुठून आली? कागद घ्या. मध्य म्हणजे डावे अधिक उजवे, भागिले दोन. कड म्हणजे डावे वजा उजवे, भागिले दोन. विड्थची कळ १५० वर नेली की फक्त कड दीडपट होते, मध्य तसाच राहतो. पुन्हा डावे-उजवे तयार होताना डावीकडे कड मिळवली जाते आणि उजवीकडे तीच वजा होते. मोनो करताना दोन्ही बाजू मिळवल्या की कड संपूर्ण निघून जाते, मग ती एकपट असो वा दीडपट. म्हणजे मोनोमध्ये ऐकणाऱ्याला आधी जे ऐकू येत होते तेच अक्षरशः ऐकू येते. मोडले काय?

दुसरे असे, की आज गाणे कोण मोनोत ऐकतो? पीएमपीच्या बसमध्ये एकदा नजर फिरवा, प्रत्येकाच्या दोन्ही कानांत बोंडे आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या रेडिओसाठी आम्ही आमचे मिक्स का आक्रसून घ्यावेत? मी दोन खोल्यांच्या घरात, कपाटाला रजई लावून काम करतो. ज्यांच्याकडे ध्वनिरोधक खोली आहे, त्यांनी आम्हाला असे धडे देणे मला लागले, हे स्पष्ट सांगतो.

पखवाजाची गोष्ट मला नवी होती. ती मी करून पाहीन.

मांडव साउंड, हडपसर

मोनोत कोण ऐकतो, हा प्रश्न विचारलात म्हणून सांगतो. गणपतीचे दहा दिवस अख्खे पुणे मोनोत ऐकते. मांडवाच्या डाव्या बाजूला उभा असलेला माणूस उजव्या स्पीकरपासून साठ फुटांवर असतो. त्याच्यासाठी मी स्टिरिओ सोडला तर त्याला अर्धेच गाणे मिळेल, म्हणून दोन्हीकडे एकच बेरीज सोडतो.

आणि एक अनुभव. एका सोसायटीच्या कार्यक्रमात गायिकेने तयार ट्रॅक आणला होता. कोणीतरी लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून निघालेली तीन संपर्कांची वायर थेट माझ्या मिक्सरच्या एका बॅलन्स्ड चॅनेलमध्ये खोचली. ट्रॅकमधला कोरसचा मुख्य आवाज गायब, बास गायब, नुसता घुमणारा रिव्हर्ब आणि कडेच्या व्हायोलिन्स. गायिकेला वाटले फाइल बिघडली, सेक्रेटरींना वाटले मी दारू प्यायलो आहे. बॅलन्स्ड चॅनेल वायरीच्या टोकाच्या संपर्कातून त्यामागच्या कड्याचा (रिंगचा) संपर्क वजा करतो, म्हणजे इथे डाव्यातून उजवे वजा झाले आणि दोन्हीकडे सारखे असलेले सगळे शून्य झाले. मी वायर काढली, दोन्ही बाजू दोन वेगळ्या चॅनेलवर घेतल्या आणि गाणे परत आले. चारचौघांत झालेला तो अपमान मी विसरलेलो नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. त्या बटणाला ‘फेज’ म्हणणे सगळ्यांनीच बंद करावे, बनवणाऱ्यांनीसुद्धा. पोलॅरिटी म्हणजे अधिकचे उणे, तेही तत्क्षणी आणि सर्व सुरांना सारखेच. फेजचा फरक वेळेने पडतो. दुसरा माइक सुमारे ३४ सेंटिमीटर मागे असला की आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो; ५०० हर्ट्झ त्याने बरोबर उलटा होतो आणि १००० हर्ट्झ पुन्हा जुळतो. हा घोळ बटणाने निस्तरत नाही, माइक हलवावा लागतो. ‘फेज उलटा केला’ असे ऐकून पोरे अंतर मोजायचे सोडून बटणच दाबत बसतात.

नारायण पेठेतली तबलावादक

मूळ लेखात ‘तबला डावीकडे घेतला’ असे एक वाक्य सहज येऊन गेले आहे, त्यावर कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. डावीकडे का?

मी एकवीस वर्षे वाजवते आहे. माझ्या उजव्या हाताखाली तबला आहे आणि डाव्या हाताखाली डग्गा. माझे बोल मी तसे ऐकते, माझे विद्यार्थी हेडफोन लावून तसे ऐकतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणात कोणीतरी माझे हात उलटे करते आणि विचारले तर ‘श्रोत्याची बाजू’ हे दोन शब्द तोंडावर फेकते. ‘धिरधिर’ ऐकताना माझा उजवा हात माझ्या डाव्या कानात वाजतो, हे काय आहे?

कर्वे रस्त्यावरचा ध्वनिमुद्रक

बाई, यात फेकण्याचा हेतू नाही. सवाई गंधर्वच्या भारतीय बैठकीत बसून पाहा. गायकाच्या उजव्या हाताला बहुधा तबला असतो, तो आपल्याला डावीकडे दिसतो. पेटी आपल्या उजवीकडे. तबलजी आपल्याकडे तोंड करून बसला असेल तर त्याचा दाया आपल्या डावीकडे येतो. मी ऐकणाऱ्याला त्या बैठकीत नेऊन बसवतो.

नारायण पेठेतली तबलावादक

बैठकीत पन्नास फुटांवरून तबला आणि डग्गा वेगळे ऐकूच येत नाहीत, दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात. त्या बैठकीचा दाखला देऊन आपण दोन माइक दोन कानांना पसरवता, आणि मग म्हणता की हे श्रोत्याचे ऐकणे आहे. इतका पसारा फक्त मला ऐकू येतो, कारण माझे डोके त्या दोन वाद्यांच्या वर आहे. पसारा माझा घ्यायचा आणि बाजू श्रोत्याची घ्यायची, यात कोणता न्याय आहे?

जुनी तबकडी

ब्रिटिश अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात चित्रपटाचा विचार होता. पडद्यावर माणूस एका बाजूला आणि आवाज दुसरीकडून, ही विसंगती त्यांना दूर करायची होती. म्हणजे स्टिरिओचा जन्मच पाहणाऱ्याच्या बाजूने झाला आहे. तबला डावीकडेच हवा.

जाता जाता ‘गीतकट्टा’ यांना सांगतो, बेरीज-वजाबाकीची युक्तीही त्याच पेटंटमध्ये आहे. स्टिरिओ तबकडीच्या खोबणीत बेरीज आडवी कोरलेली असते आणि वजाबाकी उभी. खर्जात वजाबाकी फार झाली की सुई खोबणीतून उडते. एफएमवरही बेरीज मुख्य लहरीवर जाते आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपलहरीवर. कात्रजचा घाट चढताना सिग्नल क्षीण झाला की पुष्कळ गाड्यांमधला रेडिओ ती वजाबाकी हळूहळू सोडून देतो. बसमध्ये कानांत बोंडे असतील, गाडीत नसतात.

नारायण पेठेतली तबलावादक

ब्लमलाइन यांच्यासमोर पडदा होता. माझ्या विद्यार्थ्याच्या समोर पडदा नाही, त्याच्या मांडीसमोर तबला आहे. ज्या ध्वनिमुद्रणावरून तो कायदे (तबल्याच्या बोलांच्या रचना) उचलणार आहे, त्यात हात उलटे असतील तर तो उलटा आरसा पाहून शिकतो आहे. आपणा सर्वांना गाणे ऐकण्याचीच सवय आहे, वाजवणाऱ्याचे कान कोणी विचारात घेत नाही. हे मला नेहमीचे आहे.

मांडव साउंड, हडपसर

बाईंचा पसाऱ्याचा मुद्दा बिनतोड आहे. मी डग्गा कधीच कडेला नेत नाही. खर्जाला ताकद लागते, ती दोन्ही स्पीकरनी वाटून घ्यावी. डग्गा मध्याच्या जवळ, तबला थोडासा बाजूला, एवढ्याने दोन्ही हात कळतात.

कर्वे रस्त्यावरचा ध्वनिमुद्रक

काल रात्री ‘गीतकट्टा’ यांचे गणित मी बसवून पाहिले. फक्त कड वाढवणाऱ्या विड्थने मोनोची बेरीज बदलत नाही, हे मला मान्य करावे लागते. मी सरसकट लिहिले, ती माझी चूक.

परंतु गणित तिथे थांबवू नये. पूर्ण डावीकडे असलेला टाळ घ्या: डावीकडे १, उजवीकडे ०. मध्य अर्धा, कड अर्धी. कड दीडपट केली की डावीकडे १.२५ होते आणि उजवीकडे उणे ०.२५. ज्या बाजूला टाळ नव्हताच, तिथे उलट्या पोलॅरिटीचा टाळ उभा राहिला. हेडफोनमध्ये तो डोक्याच्या बाहेर गेल्यासारखा भासतो, त्यालाच आपण भव्य म्हणतो. शिवाय डावीकडे तो सुमारे २ डेसिबलने वाढला, म्हणून आपण फेडर (आवाज कमीजास्त करण्याची पट्टी) खाली ओढतो, आणि मोनोत तोच टाळ आधीपेक्षा बारीक होतो. बेरीज मोडत नसेल, पण त्या बेरजेवर विसंबून केलेला तोल मोडतो.

आणि विड्थ नावाची प्रत्येक कळ हेच गणित करते असेही नाही. काही प्लगइन एक बाजू १० मिलिसेकंद उशिरा सोडून रुंदी आणतात. ते मोनोत मिळवले की ५०, १५०, २५० हर्ट्झवर आणि पुढे दर शंभरावर कंगव्याच्या दातांसारख्या खाचा पडतात. नवोदिताला ‘१५० वर ठेवा’ सांगताना आपण कोणती कळ सांगतो आहोत, हे आपल्यालाच माहीत नसते.

गीतकट्टा

चूक मान्य करायला आपल्याला एक रात्र लागली, आणि मान्य करताना सोबत चार आक्षेपही जोडलेत. तरी मान्य केलीत, हे नोंदवतो. टाळाचे उणे ०.२५ मी तपासले. आकडा बरोबर आहे. ‘सरसकट’ हा शब्द मी माझ्या लेखातून काढतो, १५० मात्र ठेवतो, कारण तानपुऱ्याच्या ट्रॅकवर ते मला आजही सुरेख वाटते.

बटणाविषयी: माझ्या जुन्या भजनांच्या मुद्रणात पखवाज नेहमी पातळ यायचा आणि मी आठ वर्षे त्यावर खर्ज वाढवत आलो होतो. आज कणकेचा ट्रॅक उलटा केला आणि वाढवलेला सगळा खर्ज काढून टाकावा लागला. त्या आठ वर्षांतली भजने आता कोणाकोणाकडे गेली आहेत, याची यादी करतो आहे.

नारायण पेठेतली तबलावादक

डग्गा मध्यावर घेण्याची सूचना मी स्वीकारते. पुढच्या महिन्यात माझे मुद्रण आहे, तेव्हा दोन मिक्स मागणार आहे, एक श्रोत्यांसाठी आणि एक विद्यार्थ्यांसाठी. दुसऱ्यात तबला उजवीकडे असेल.